फिलिपिन्समध्ये एकल पालकांना काय मिळतं? सहकारी मैत्रिणीसाठी माहिती हवी आहे

मधुरा_मकाती
नमस्कार मंडळी. मी मनिलात, मकातीला एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे. आमच्याकडे एक मुलगी काम करते, तिला इथे लिझा म्हणते. पदरात दोन मुलं, मुलगा ४ वर्षांचा आणि मुलगी ९ वर्षांची. नवरा दुबईत. चर्चमध्ये रीतसर लग्न झालंय, पण दोन वर्षांहून जास्त काळ त्याचे पैसे नाहीत की फोन नाही. लिझाची पाळी रात्रीची, त्यामुळे मुलं तिची आई सांभाळते. पगार महिना १९,००० पेसो, म्हणजे आपले २८-२९ हजार रुपये.

तिच्याकडे एकल पालकाचं ओळखपत्र नाही. 'पगार किमान वेतनाच्या वर आहे, तुला काही मिळायचं नाही' असं कुणीतरी सांगितलं आणि ती गप्प बसली. कार्ड असेल तर वर्षाला ७ दिवस भरपगारी रजा आम्ही द्यायलाच हवी, एवढं मला कामामुळे माहीत आहे. पुढचं विचारायचंय: रजेशिवाय काय मिळतं? नवऱ्याकडून मुलांचा खर्च कसा मागायचा? आणि या लग्नातून सुटायचा काही मार्ग आहे का?

माझं स्वतःचं मतही सांगते. इथल्या कायद्यातली मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे विधवा, टाकलेली, लग्न न झालेली, नवरा तुरुंगात असलेली, एकटा बाप, नातवाला वाढवणारी आजी, सगळ्यांना एकच कार्ड. मूल कोण वाढवतंय हे बघतात. असं आपल्याकडे असायला हवं. तुमचे अनुभव लिहा.

प्राजक्त
मी केसोन सिटीत असते, सासर फिलिपिनो. माझी नणंद अविवाहित आई आहे, त्यामुळे हे सगळं घरात पाहिलंय. सविस्तर लिहिते.

मूळ कायदा २००० सालचा, रिपब्लिक अ‍ॅक्ट ८९७२. २०२२ च्या जूनमध्ये तो वाढवला गेला, त्याचा क्रमांक ११८६१. लिझाला जे सांगितलं ते अर्धंच खरं आहे. महिना १,००० पेसोंची रोख मदत फक्त किमान वेतन किंवा त्याहून कमी कमावणाऱ्यांना मिळते. मेट्रो मनिलात जुलै २०२५ मध्ये किमान वेतन दिवसाला ६९५ पेसो झालं, म्हणजे महिन्याचे १८,००० च्या आसपास. लिझा थोडक्यात वर गेली. पण दुसरी मर्यादा वेगळी आहे. वर्षाला २,५०,००० पेसोंपेक्षा कमी उत्पन्न असेल, तर ६ वर्षांपर्यंतच्या मुलाचं दूध, खाणं, डायपर, औषधं, लशी यांवर १० टक्के सूट मिळते आणि व्हॅट लागत नाही. तेराव्या महिन्याचा पगार (इथे वर्षाला मिळणारा एक जादा पगार) धरूनही ती २,४७,००० वर येते. म्हणजे धाकट्यासाठी तिला ही सूट आज मिळू शकते. व्हॅटच १२ टक्के आहे इथे, तेव्हा दुधाच्या डब्यावर फरक चांगलाच पडतो.

याशिवाय फिलहेल्थ या सरकारी आरोग्यविम्याचं संरक्षण आहे, त्याचा हप्ता सरकार भरतं, नोकरदारांचा मात्र मालक आणि सरकार निम्मा-निम्मा. शिष्यवृत्ती आणि घरकुल योजनांत प्राधान्य आहे. मुलाच्या वयाची मर्यादा आधी १८ होती, ती आता २२ आहे. नवी नोकरी असेल तर रजेसाठी पूर्वी एक वर्ष थांबावं लागे, आता सहा महिने पुरतात.

कागद: मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, बारांगाईचा (आपला वॉर्ड समजा) रहिवासी दाखला, उत्पन्नाचा पुरावा, आणि नवरा सोडून गेल्याचं प्रतिज्ञापत्र. सोडून जाऊन सहा महिने झालेले असले की पुरे. अर्ज सिटी हॉलमध्ये समाजकल्याण कार्यालयात द्यायचा.

मधुरा_मकाती
प्राजक्त, खूप आभार! ही दुसरी मर्यादा मला माहीतच नव्हती. उद्याच तिला सांगते.

वसंतराव
माहिती चांगली आहे, पण मूळ विचाराबद्दल शंका आहे. सरकार असं कार्ड वाटू लागलं की कुटुंबं मोडायला हातभार नाही का लागणार? नवऱ्याने सोडलं तर समेट घडवायला हवा. उद्या पैशासाठी लोक खोटं वेगळं राहिल्याचं दाखवतील.

गोदाकाठ
वसंतराव, मी नाशिक जिल्ह्यात एकल महिलांबरोबर काम करते. महिना दीड हजार रुपयांसाठी घर मोडणारी बाई मला अजून भेटायची आहे. नवरा आधी जातो आणि मग ती तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढते.

मधुराच्या मुद्द्याला अनुमोदन. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. पण त्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित अशी वर्गवारी, आणि कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २१,००० रुपये. वर्षाला एकवीस हजार! आज शेतमजुरी करणारी बाईही त्यात बसत नाही. बसण्यासाठी तिला खोटा दाखला काढावा लागतो आणि मग आयुष्यभर धाकात राहावं लागतं. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिचे २,२५० रुपये मिळतात, पण गावात कुणाला ती माहीत असते? टाकलेल्या बाईची तर आणखी अडचण, कारण विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, हिच्याकडे काय असतं? नवरा जिवंत आहे, फक्त येत नाही, हे कुणाच्या सहीने सिद्ध करायचं?

प्राजक्त
गोदाकाठ, तोच प्रश्न इथे त्यांनी बरा सोडवलाय. ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नाही अशा दोन माणसांचं प्रतिज्ञापत्र चालतं. शेजारीपाजारी देतात. कोर्टाचा निकाल लागतोच असं नाही.

वसंतराव, खोट्या माहितीला कायद्यात शिक्षा आहे. कार्ड दरवर्षी नवं करावं लागतं. त्यातली मला खटकणारी गोष्ट सांगते. आपण कुणाबरोबर राहत नाही, असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. माझ्या नणंदेकडे तिचा मित्र दोन-चार दिवस राहिला तरी ती शेजाऱ्यांच्या नजरेला घाबरते. मुलीचा सगळा खर्च तीच करते, त्या मित्राचा एक पेसो नाही. तिच्या खासगी आयुष्याशी दुधावरच्या त्या सवलतीचा काय संबंध?

सह्याद्रीचा_वारा
इथे मी वेगळं म्हणेन. दुसरा कमावता माणूस घरात आला तर ती एकल राहत नाही, हा साधा हिशोब आहे. पैसा मर्यादित आहे, तो ज्याला खरी गरज आहे त्याच्याकडेच जायला हवा.

प्राजक्त
घरात आला तर हो. पाहुणा म्हणून आला तर नाही. अडचण अशी की दोन्हींतला फरक ठरवणारा माणूस कार्यालयात बसलेला असतो, आणि त्याची मर्जी.

अ‍ॅड_नूतन
मी पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. एका अशिलाची बायको फिलिपिनो होती, तेव्हा त्यांचा फॅमिली कोड (कौटुंबिक कायदा) बारकाईने वाचावा लागला. मधुराच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. प्रत्यक्ष पावलं तिथल्या वकिलाला विचारूनच टाकावीत.

पोटगीचं आधी. त्यांच्या कोडच्या कलम २०३ मध्ये एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट आहे. गरज सुरू झाली तेव्हापासून हक्क निर्माण होतो, पण रक्कम मिळते ती मागणी केल्याच्या तारखेपासून. मागणी कोर्टातच करायला हवी असं नाही, लेखी पत्रही चालतं. म्हणजे लिझाने दोन वर्षं मनातल्या मनात वाट पाहिली, त्या काळाचे पैसे मिळणं अवघड. तिने आज पत्र पाठवलं तर आजपासून घड्याळ सुरू. पोहोच मिळेल अशा रीतीने पाठवावं, मेसेजही पाठवावा, दोन्हींची नोंद ठेवावी. रक्कम किती, हे देणाऱ्याच्या ऐपतीवर आणि मुलांच्या गरजेवर ठरतं, आणि ऐपत बदलली की वाढते किंवा घटते.

दुसरा मार्ग २००४ चा कायदा, क्रमांक ९२६२, महिला आणि मुलांवरील हिंसेविरुद्धचा. त्यात आर्थिक छळ धरलेला आहे. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की पैसे दिले नाहीत एवढ्यावर गुन्हा होत नाही, बायको-मुलांना त्रास द्यायच्या किंवा ताब्यात ठेवायच्या हेतूने नाकारले हे दाखवावं लागतं. फौजदारीची घाई करू नये, हे माझं मत.

परवडत नसेल तर पब्लिक अ‍ॅटर्नीज ऑफिस म्हणून सरकारी वकिलांची यंत्रणा आहे, गरिबांना फुकट वकील मिळतो. लिझा त्यांच्या उत्पन्नाच्या निकषात बसते का ते तिथे जाऊन विचारावं. लग्नाबद्दल पुढच्या प्रतिसादात.

दुबईवाला_केदार
दुबईतून लिहितोय. फिलिपिनो माणसांबरोबर बरीच वर्षं काम केलंय. नवरा कुठे आहे हे माहीत असेल तर मनिलातून त्यांच्या स्थलांतरित कामगार खात्याकडे तक्रार करता येते, आणि इथे त्यांच्या वाणिज्य दूतावासात कामगार कार्यालय आहे. ते त्याला बोलावून समेट घडवायचा प्रयत्न करतात. सक्ती करण्याची ताकद फार नाही, पण गावाकडे नाव खराब होईल या धास्तीने बरेच जण वळणावर येतात.

दुसरी बाजूही सांगतो. इथे येणारे सगळेच पळून आलेले नसतात. एका खोलीत सहा-सहा जण राहून घरी पैसे पाठवणारे बाप मी रोज पाहतो. आणि मागे राहिलेल्या बायकांसाठीही त्या कायद्यात जागा आहे असं ऐकलंय, खरं का?

प्राजक्त
खरं आहे. कमी किंवा मध्यम कौशल्याच्या कामावर परदेशी गेलेला जोडीदार सलग १२ महिने बाहेर असेल, तर मागे राहून मुलं वाढवणारी व्यक्ती एकल पालकात मोडते, नातं शाबूत असलं तरी. २०२२ च्या बदलात हे आलं. मला हे कायद्यातलं सर्वांत माणुसकीचं कलम वाटतं.

दर्यावर्दी
रत्नागिरीचा आहे, मर्चंट नेव्हीत. आमच्या बोटींवर निम्मे लोक फिलिपिनो असतात. त्यांच्या खलाशांच्या सरकारी करारात मूळ पगाराचे निदान ८० टक्के घरच्यांच्या नावे पाठवणं बंधनकारक आहे. कंपनीच परस्पर पाठवते. त्यामुळे खलाशाची बायको निदान पैशाच्या बाबतीत सुरक्षित असते, जोवर करार चालू आहे तोवर. जमिनीवर काम करणाऱ्यांचे पैसे असे परस्पर जात नाहीत, हे फार वाईट आहे. आपल्या कोकणातल्या खलाशांसाठीही असा नियम व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

चिंचेचं_सार
दर्यावर्दी, त्या लोकांनी तुम्हाला सिनिगांग खायला घातलं की नाही? चिंचेच्या आंबट रश्शात भाज्या आणि मासे. माझी फिलिपिनो रूममेट करायची. मी त्यात गुपचूप आमसूल टाकलं, तर तिने तीन वाट्या प्यायल्या आणि पाककृती मागितली!

दर्यावर्दी
बोटीवर दर रविवारी! आमचा कुक तर म्हणतो कोकणी माणसाला वेगळं जेवण करायला नको.

दोन_लेकरांचा_बाबा
अवांतर थांबवून एक विचारतो. बापांचं काय? माझी पत्नी गेल्यापासून दोघांना मीच वाढवतोय. शाळेच्या प्रत्येक सभेत 'आई नाही आल्या?' ऐकावं लागतं. माझ्या टीममध्ये एक फिलिपिनो सहकारी आहे, त्याची बायको मूल टाकून गेली. त्याला हे कार्ड मिळतं का?

प्राजक्त
मिळतं, अगदी त्याच हक्कांनी. रजा, सूट, सगळं. तुमच्याबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही इथे लिहिलंत हे बरं केलंत.

अ‍ॅड_नूतन
बाबा, ९२६२ चं संरक्षण बापाला स्वतःसाठी मागता येत नाही. पण आईच मुलाचा छळ करत असेल, तर मुलासाठी बाप त्या कायद्याखाली अर्ज करू शकतो, असा निकाल २०२२ मध्ये आला. त्याआधी याबद्दल गोंधळ होता.

आता लग्नाबद्दल. व्हॅटिकन सोडलं तर घटस्फोट नसलेला हा एकच देश. मुस्लिमांना १९७७ च्या वेगळ्या संहितेप्रमाणे तो आहे, बाकीच्यांना नाही. हे काही अनादि काळापासूनचं नाही. अमेरिकन अमलात १९१७ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला होता, जपान्यांच्या काळात तो आणखी सैल झाला, आणि १९५० च्या नागरी संहितेने तो काढून टाकला.

लिझापुढे तीन वाटा. कायदेशीर विभक्त होणं: वेगळं राहता येतं, पुन्हा लग्न करता येत नाही. लग्न रद्द करून घेणं: त्याची कारणं मोजकीच आहेत. आणि कलम ३६: लग्नाच्या वेळीच जोडीदार मानसिकदृष्ट्या वैवाहिक जबाबदाऱ्या पेलण्यास असमर्थ होता हे सिद्ध करणं. २०२१ च्या तान-आन्दाल निकालाने हे सोपं केलं, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल आता अनिवार्य नाही. तरी खर्च काही लाख पेसो आणि काही वर्षं. महिना १९ हजार कमावणारीने कुठून आणायचे?

अजून एक गोष्ट तिला नक्की माहीत असावी. तिथे व्यभिचार आजही गुन्हा आहे, आणि बायकोसाठी तो नवऱ्यापेक्षा कडक आहे. तिचा एकच प्रसंग पुरतो. नवऱ्याच्या बाबतीत मात्र बाई घरात आणून ठेवली, दुसरीकडे तिच्याबरोबर संसार थाटला किंवा उघड लाज आणणारं वर्तन केलं, असं दाखवावं लागतं. आपल्याकडे ४९७ कलम २०१८ मध्ये गेलं. लिझाने उद्या कुणाबरोबर आयुष्य सुरू केलं तर तिच्या पोटी झालेलं मूल कागदावर त्या दुबईतल्या नवऱ्याचंच मानलं जाईल. हा अन्याय आहे, दुसरा शब्द नाही.

वसंतराव
नूतनताई, हे वाचून अस्वस्थ झालो. समेटाबद्दल मी जे म्हटलं ते दोघं समोरासमोर बसणार असतील तर लागू होतं. इथे एक जण समुद्रापलीकडे आणि दुसरी बांधलेली. घटस्फोटाचा कायदा आणायचा प्रयत्न तिथे कुणी करत नाही का?

प्राजक्त
होतोय. मे २०२४ मध्ये त्यांच्या खालच्या सभागृहाने विधेयक मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडकलं आणि २०२५ मध्ये काँग्रेसची, म्हणजे त्यांच्या संसदेची, मुदत संपली, आता पुन्हा पहिल्यापासून. माझ्या सासूबाई रोज मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जाणाऱ्या, चर्चवर अपार श्रद्धा. पण त्याही म्हणतात की माझ्या लेकीने त्या माणसाशी लग्न केलं नाही हेच बरं झालं. अविवाहित आईकडे मुलाचा पूर्ण ताबा कायद्यानेच असतो, आणि तिला पुढे लग्न करता येतं. लग्न केलेलीची गत लिझासारखी.

सह्याद्रीचा_वारा
नूतनताई, तुमच्या त्या अशिलाचं काय झालं? मराठी नवरा आणि फिलिपिनो बायको असेल तर?

अ‍ॅड_नूतन
परदेशी जोडीदार असेल तर कलम २६ ची वाट आहे. भारतात घटस्फोट झाला तर तो तिथे मान्य होऊ शकतो. २०१८ च्या मनालो निकालानंतर अर्ज फिलिपिनो बायकोने स्वतः केला असला तरीही. मात्र आपोआप नाही. तिथल्या न्यायालयात वेगळा अर्ज करून आपला निकाल आणि आपला कायदा दोन्ही सिद्ध करावे लागतात. इथे मराठी घरांत फिलिपिनो सुना असतील त्यांनी हे लक्षात ठेवावं. इथला निकाल हातात आला की काम झालं असं समजून ती तिकडे दुसरं लग्न करायला गेली तर अडकते.

गोदाकाठ
सगळ्यांच्या माहितीतून एक प्रश्न उरतो. ते १,००० पेसो खरंच मिळतात का? आपल्याकडे जी. आर. निघतो आणि पैसे सहा महिन्यांनी येतात.

प्राजक्त
महत्त्वाचं विचारलंत. ते पैसे स्थानिक प्रशासनाने आपल्या तिजोरीतून द्यायचे आहेत. श्रीमंत शहरात मिळतात, गरीब नगरपालिकेत 'निधी नाही' हे उत्तर. कायदा एक आणि हक्क पत्त्यावर अवलंबून. शिवाय दुसऱ्या सरकारी योजनेची रोख मदत चालू असेल तर हे बंद. सर्वांत गरीब घरांना आधीच चार-पी नावाच्या योजनेतून थोडं मिळतं, त्यामुळे नेमकी तीच वगळली जातात.

गोदाकाठ
अगदी लाडकी बहीण आणि निराधारसारखं. निराधारचे १,५०० घेणारीला लाडकी बहीण नाही. सर्वांत खाली असलेलीलाच दोन्ही हात पुढे करायला मनाई.

मधुरा_मकाती
कळवायला उशीर झाला, माफ करा. लिझाने अर्ज दिला. प्रतिज्ञापत्रावर सह्या समोरच्या किराणा दुकानदारीणबाईंनी आणि मुलीच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने केल्या. कार्ड आलंय. धाकट्याच्या दुधावर सूट सुरू झाली आणि रजेचा अर्ज मीच मंजूर केला. रात्रपाळीबद्दलही व्यवस्थापनाशी बोलले. घरून काम देताना एकल पालकांना प्राधान्य द्यावं असं कायद्यातच आहे, ते दाखवल्यावर आठवड्यातले काही दिवस तिला घरून काम मिळालं.

मागणीपत्र तयार आहे, पण ती पाठवायला कचरते. म्हणते, 'त्याने रागावून मुलांशी कायमचं तोडलं तर?' मी काय सांगू तिला?

दोन_लेकरांचा_बाबा
मुलांशी बोलणं आणि मुलांचा खर्च, या दोन गोष्टी पत्रातच वेगळ्या लिहा. पहिल्या परिच्छेदात मुलं काय शिकतात, बाबाची आठवण काढतात का, ते असू दे. दुसऱ्यात रक्कम.

अ‍ॅड_नूतन
बाबांची सूचना चांगली आहे. फक्त रक्कम नेमकी असावी: शाळेची फी, दूध, औषधं, भाडं, वेगवेगळे आकडे. आणि तारीख ठळक. धमकीचं एकही वाक्य नको, पुढे न्यायाधीश तेच पत्र वाचणार आहेत.

दुबईवाला_केदार
पत्ता जुना असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तो ज्या भागात काम करतो तिथल्या फिलिपिनो मंडळात माझे मित्र आहेत. पत्र त्याच्या हातात पडेल एवढं मी बघतो.

मधुरा_मकाती
केदार, व्यनि केलाय. नूतनताई, आकड्यांचा तक्ता आज रात्री तिच्याबरोबर बसून करते. मोठीच्या शाळेच्या पावत्या तिने सगळ्या जपून ठेवल्या आहेत.